नवा राऊटर आणि तेच ९४ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी घरातला पाच वर्षं जुना राऊटर काढून वायफाय ६चा नवा लावला. खोक्यावर मोठ्या अक्षरात एएक्स३००० लिहिलेलं. बदलायचं कारण साधं होतं. आमचा इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून (मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे नेटचा वेग) ३००वर गेला होता आणि जुन्या राऊटरचे पोर्टच मुळात १०० एमबीपीएसचे होते. तो कितीही धडधाकट असला तरी त्यातून ३०० कधी बाहेर पडणारच नव्हते. नवा लावला, पासवर्ड टाकला, फोनवर स्पीड टेस्ट लावली. ९३. पुन्हा लावली, ९४. आतल्या खोलीत जाऊन लावली तर १४. जुन्या राऊटरवर त्याच खोलीत ३५-४० सहज मिळायचे. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने विचारलंच, "ताई, नवा राऊटर आणल्यापासून नेट उलट स्लो झालंय का गं?"

झालं होतं खरंच. आणि सगळं सुरळीत व्हायला जवळजवळ सहा आठवडे गेले. त्या काळात राऊटर परत करायचं मी दोनदा ठरवलं होतं. शेवटी कळलं की राऊटरमध्ये बिघाड असा एकही नव्हता. अडचणी होत्या त्या त्याच्या आजूबाजूला आणि मीच निवडलेल्या सेटिंगमध्ये. मदत-क्रमांकावर फोन केला तेव्हा तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, रीसेट करा. तिन्ही वेळा केलं आणि दर वेळी सगळी सेटिंग पहिल्यापासून भरत बसले. म्हणून सांगते, काय बिघडलंय ते कळण्याआधी रीसेटचं बटण दाबू नका. कारण सापडण्याच्या खुणाच त्यात पुसल्या जातात.

आधी त्या ९४बद्दल. मी पंधरा दिवस वायफायलाच दोष देत होते. चॅनल बदल, अँटेना फिरव, राऊटर सरकव, सगळं करून झालं. मग एकदा लॅपटॉप केबलने राऊटरला जोडून टेस्ट लावली. तिथेही ९४! वायफाय मधे नसतानाही तोच आकडा, म्हणजे वायफायचा संबंधच नव्हता. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर, म्हणजे केबलच्या जोडणीवर, स्पीड टेस्ट ९४-९५च्या वर जाऊच शकत नाही. तारेवरून जाणाऱ्या दर १५३८ बाइटमध्ये आपल्या कामाचे साधारण १४५० ते १४६० असतात, बाकीचे पत्ते, तपासणी आणि मधल्या मोकळ्या जागेत जातात. त्यामुळे टेस्ट ९३-९४वर ठाम बसली असेल, एकदा ७०, एकदा १२० अशी हलत नसेल, तर कुठलातरी दुवा १०० एमबीपीएसवर अडकलाय हे जवळजवळ नक्की समजा. वायफायची अडचण असेल तर आकडा असा एका जागी राहत नाही.

राऊटरच्या सेटिंगच्या पानावर इंटरनेट पोर्टची माहिती उघडली तर तिथे सरळ लिहिलं होतं, १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी). पोर्ट १ गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आणि पलीकडचा, फायबरची लाइन जिथे येते तो डबाही गिगाबिटचा. उरली मधली केबल. नव्या राऊटरसोबत छोटी केबल आली होती, पण जुनी भिंतीकडेने क्लिपा मारून नीट बसवलेली होती, म्हणून मी तिलाच हात लावला नव्हता. ती काढली आणि तिचं पारदर्शक टोक टॉर्चच्या उजेडात धरून पाहिलं. आठ तारांपैकी सहा सोनेरी पट्ट्यांपर्यंत पोचलेल्या. शेवटच्या दोन, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी, जेमतेम दोन मिलिमीटर मागेच राहिलेल्या. टोक बसवतानाच चुकलेलं. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला मात्र आठही लागतात. जुना राऊटर स्वतःच १०० एमबीपीएसचा असल्यामुळे पाच वर्षं त्या दोन तारांची गरजच पडली नव्हती. नव्याला पडली, त्या मिळाल्या नाहीत, आणि दोन्ही यंत्रं गुपचूप १००वर उतरली. दिवा लागतो, नेट चालतं, कुठे चूक म्हणून काही दिसत नाही. नवी केबल लावल्यावर पहिलीच टेस्ट २८८ आली. भाऊ बाहेरच्या खोलीतून "आलं, आलं" म्हणून ओरडला.

आतली खोली मात्र १४वरच होती, आणि आई रोज रात्री तिथूनच मावशीशी व्हिडिओवर बोलते. एरवी ती तक्रार करत नाही. पण "तुझा चेहरा अडकलाय गं" हे वाक्य दर दोन मिनिटांनी कानावर पडत होतं आणि मला ते नको होतं.

तिथे फोनवर सिग्नल मोजणारं ॲप घेतलं. वायफायच्या चिन्हावरच्या रेघांवर विसंबू नका, आकडा बघा. तो उणे डीबीएममध्ये असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे ७५च्या खाली गेलं की रडकथा सुरू. आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७४ होता आणि २.४चा उणे ५८. नव्या राऊटरने या दोन्ही बँडना (वायफायच्या रेडिओ पट्ट्यांना) एकच नाव दिलं होतं, फोन आपला २.४ला चिकटून बसला होता. त्यात वावगं काही नाही. पण उणे ५८ हा चांगला सिग्नल आहे. एवढा सिग्नल असताना १४ कसे? सिग्नल भरपूर आणि स्पीड नाही, म्हणजे गोंगाट, दुसऱ्या रेडिओ लहरींचा अडथळा, कुठूनतरी येतोय.

हे कोडं सुटायला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि उत्तर राऊटरच्या पाठीलाच लटकत होतं. नव्या राऊटरला यूएसबी ३चा पोर्ट होता. घरातले फोटो एका जागी राहतील म्हणून मी पहिल्याच दिवशी त्याला हार्ड डिस्क जोडली होती. यूएसबी ३चा डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि त्याची रेडिओ कुरबुर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडते. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. कमी प्रतीची केबल किंवा डिस्कचं साधं प्लॅस्टिकचं घर असेल तर त्रास वाढतो. माझी डिस्क अँटेनापासून वीतभरही लांब नव्हती. डिस्क काढली, आतल्या खोलीत टेस्ट लावली, ६२. परत जोडली, १६. पुन्हा काढली, ६०. तीनदा करून पाहिलं तेव्हा कुठे विश्वास बसला. आता डिस्क लांब केबलने खालच्या कप्प्यात आहे आणि पोर्ट सेटिंगमधून यूएसबी २वर उतरवलाय. फोटो हळू जातात, जाऊ देत.

मग जागा. जुना राऊटर कपाटावर उघड्यावर असायचा. नवा चार अँटेनांचा आणि आकाराने मोठा, दिसायला बरा म्हणून मी तो टीव्हीच्या मागे युनिटमध्ये ठेवला होता. टीव्हीच्या पॅनेलमागचा धातूचा पत्रा सिग्नलपुढे भिंतीसारखा उभा राहतो. पुन्हा कपाटावर ठेवला, अँटेना उभ्या केल्या, आणि आतल्या खोलीतलं ५ गिगाहर्ट्झ उणे ७४वरून उणे ६३वर आलं. अकरा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. पण दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट होते, म्हणजे हा फरक बारा पटींहून जास्त आहे. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिली, आईचा फोन आणि टीव्ही ५वर ठेवले. आतल्या खोलीत आता १४० ते १५० मिळतात आणि मावशी अडकत नाही.

तिसरा त्रास वेगळाच होता. नेट वेगात चालायचं आणि मधेच साधारण एक मिनिट ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीतून नाहीसं व्हायचं. दिवसात कधी एकदा, कधी चारदा. यामागे खोक्यावरचा तो ३००० होता. त्या आकड्याची फोड अशी: २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२, बेरीज करून जवळच्या गोल आकड्यावर नेलेली. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यातही २४०२ मिळवायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल लागतं. एवढी रुंद सलग जागा घ्यायची, उदाहरणार्थ ३६ ते ६४ हा पट्टा, तर त्यातला ५२पासून वरचा भाग बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावा लागतो. राऊटरला रडारची चाहूल लागली की नियमानुसार ते चॅनल लगेच सोडावं लागतं, पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकता येत नाही, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. ते एक मिनिट हेच. खरं रडार नसलं तरी कधी कधी भलताच सिग्नल रडार वाटतो.

मी रुंदी ८० मेगाहर्ट्झ केली, चॅनल ३६ पक्कं केलं, आणि त्या दिवसापासून तो प्रकार बंद. नुकसान? काहीही नाही. ८० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांच्या फोनची लिंक, म्हणजे फोन आणि राऊटरमधला कागदावरचा वेग, १२०१ एमबीपीएसची होते. हवेत एका वेळी एकच बोलू शकतो, शिवाय पोच-पावत्यांमध्ये वेळ जातो, म्हणून प्रत्यक्षात हाती लिंकच्या निम्मे ते दोन-तृतीयांश येतात. राऊटरला केबलने जोडलेल्या संगणकावर आयपर्फ३ (घरातल्या घरात वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवून बाहेरच्या खोलीतून मोजलं तर लॅपटॉपला ७००च्या आसपास मिळाले. प्लॅन ३००चा आहे. मग १६० मेगाहर्ट्झ हवेत कशाला? शिवाय रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो आणि लांबच्या खोलीला त्याची झळ बसते. दुकानदार १६०चं कौतुक करतात. माझं मत असं की घरात गिगाबिटचा प्लॅन आणि १६० घेणारी उपकरणं, दोन्ही असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. २.४ गिगाहर्ट्झवरही मी ४०ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवलंय. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारपाजारची गर्दी धरली तर ४० घेणं म्हणजे स्वतःच भांडण ओढवून घेणं.

बाकीच्या गोष्टी झटकन सुटल्या. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालूच राहिलं होतं, तेही राऊटरशेजारीच, ते बंद केलं. मुलांसाठीचं नियंत्रण आणि कोण किती डेटा वापरतं याची मोजणी चालू केली की २८८चे १७० व्हायचे, कारण मग प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) वेगवान चिपमधून परस्पर न जाता राऊटरच्या मुख्य प्रोसेसरमधून जातं. ती मोजणी बंद ठेवली. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीला जोडलाच जाईना, त्याला आधीच्या डब्ल्यूपीए२चं वेगळं गेस्ट नेटवर्क दिलं.

चौथ्या महिन्यात एक फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आला आणि ५ गिगाहर्ट्झ पुन्हा गायब व्हायला लागलं. दोन दिवस जीव खाल्ला. अपडेटने चॅनलची रुंदी परत ऑटोवर नेली होती. त्यानंतर मी एक कागद राऊटरच्या बुडाला चिकटवलाय: पोर्टची लिंक, चॅनल, रुंदी, आतल्या खोलीचा डीबीएम, केबलवरची स्पीड. अपडेट आला की आधी हे पाच आकडे ताडून बघते, मगच इतर काही.

आता नऊ महिन्यांनी विचाराल तर राऊटरवर मी खूश आहे. एकोणीस उपकरणं जोडलेली असतात. सगळ्यात मोठा फरक मला डाउनलोडच्या आकड्यात जाणवला नाही, तो अपलोडच्या वेळी जाणवला. भाऊ मोठी फाइल चढवत असला की पूर्वी माझी मीटिंग तुटायची, कारण पॅकेटं रांगेत अडकून पिंग, म्हणजे पाठवलेल्याला उत्तर यायला लागणारा वेळ, ४००-५०० मिलिसेकंदांवर जायचा. या राऊटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधता येते, ती बांधली आणि पिंग आता ३०च्या आत राहतो. घरून काम करणाऱ्यांनी हे सेटिंग आहे की नाही ते बघूनच राऊटर घ्यावा. खोक्यावरच्या ३०००-५०००पेक्षा याने आयुष्य जास्त सुखाचं होतं. तक्रारी दोन. ॲप फार अपुरं आहे, रुंदी आणि चॅनल बदलायला संगणकावरूनच राऊटरचं पान उघडावं लागतं. आणि पहिल्यांदा लावताना पोर्ट १००वर अडकलाय हे राऊटरला माहीत असतं, तर तो ते ठळकपणे का सांगत नाही? एका ओळीने माझे पंधरा दिवस वाचले असते.

मागच्या गॅलरीत अजून ४०च येतात. भाऊ रिपीटर घेऊ म्हणतो. मी नको म्हटलं, कारण एकाच बँडवर ऐकून पुन्हा तेच बोलणाऱ्या रिपीटरचा वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा तिथवर केबल ओढून जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर देणारं यंत्र) म्हणून लावणार आहे. त्याचे १०० एमबीपीएसचे पोर्ट गॅलरीला पुरेसे आहेत. २० मीटर केबल आणून ठेवली आहे, आणि भिंतीला क्लिपा मारायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांच्या आठही तारा टॉर्चखाली मोजून झाल्या आहेत.