पहिली-दुसरीच्या वर्गात दिवाळीचं काय करावं? कंदील, पणती, रांगोळी, शुभेच्छापत्र आणि किल्ला

सहामाही परीक्षा संपते आणि दिवाळीची सुट्टी लागायला तीन-चार दिवस उरतात. मुलांचं लक्ष फराळाकडे, बाईंच्या टेबलावर नोंदींचा ढीग, आणि याच दिवसांत कार्यानुभव म्हणून वर्गात दिवाळीचं काहीतरी करायचं असतं. चौथी-पाचवीला बहुतेक काहीही जमतं. अडचण पहिली-दुसरीची. सहा-सात वर्षांच्या मुलाला कात्री चालवता येते, पण हवी तिथे थांबवता येत नाही. डिंक लावता येतो, पण किती लावायचा ते कळत नाही.

म्हणून मी दिसण्याला फार महत्त्व देत नाही. झालेल्या वस्तूत मुलाचा हात किती आणि बाईंचा (किंवा आईचा) किती, हे आधी बघते. खर्च, पसारा आणि वेळ त्यानंतर. प्रदर्शनाच्या टेबलावर चाळीस सुबक कंदील मांडलेले दिसले, की ते आदल्या रात्री कुणी बसून केले असतील ते सांगावं लागत नाही.

कंदील की पणती

बहुतेक शाळांत हीच दोन नावं पुढे येतात, त्यामुळे आधी यांचंच बघू.

वर्गात होतो तो कंदील सोपा असतो. घोटीव कागद उभा दुमडायचा, घडीच्या बाजूने पट्ट्या कापायच्या, कागद उघडून गोल गुंडाळायचा, आत दुसऱ्या रंगाची नळकांडी, वर कागदी पट्टीची कडी, खाली क्रेप कागदाच्या झिरमिळ्या. कृती एवढीच. मुलं चुकतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे घडीऐवजी उघड्या बाजूने कापणं. तसं केलं की कागद उघडल्यावर कंदिलाचे काठच फाटलेले निघतात. दुसरी म्हणजे काठापर्यंत कापत जाणं. यावर उपाय एकच: उघड्या काठापासून दोन बोटं सोडून पेन्सिलने जाड रेघ मारून द्यायची आणि ‘रेघेला कात्री शिवायची नाही’ असं बजावायचं. दुसरीच्या मुलांना हे पाळता येतं. पहिलीत मात्र निम्म्या मुलांचा हात रेघ ओलांडतो आणि मग बाई कात्री हातात घेतात. त्यात गुंडाळलेला कागद डिंक वाळेपर्यंत दाबून धरावा लागतो. मुलाने सोडला की तो फटकन उघडतो. शेवटी स्टेपलर बाईंच्याच हातात येतो. म्हणजे पहिलीच्या वर्गातला कंदील निम्मा बाईंचाच असतो. डावखुऱ्या मुलाला नेहमीच्या कात्रीने कापताना रेघ नीट दिसत नाही, त्याच्याजवळ उभं राहावं लागतं.

पणती रंगवण्यात असलं काही नाही. ब्रश, रंग, पणती, आणि जे होईल ते पूर्णपणे मुलाचं. पहिलीसाठी हा मोठाच गुण. पण तयारी आदल्या दिवसापासून करावी लागते. भाजलेली कोरडी पणती पाणी, तेल, रंग सगळंच पिते. घरी आपण पणत्या रात्रभर पाण्यात टाकतो त्या पुढे तेल कमी पिण्यासाठी. रंगवायच्या पणत्याही आधी भिजवून, नीट वाळवून आणाव्यात. रंगवल्यावर भिजवल्या तर पोस्टर कलर पाण्यात उतरतो. आधी पांढऱ्याचा नाहीतर गेरूचा एक हात दिला की वरचे रंग उठून दिसतात. आतली बाजू कोरी ठेवायला सांगावं, तिथे तेल-वात असते. ॲक्रेलिक रंग जास्त टिकतो, तो गणवेशावरही टिकतो.

पणतीची खरी अडचण वेळेची. मूल दहा मिनिटांत रंगवून मोकळं होतं आणि ‘बाई, झालं!’ सुरू होतं. तासाच्या उरलेल्या वेळेचं काय, याचं उत्तर आधीच हाताशी हवं. आणि वर्गात दिवे पेटवायचे नाहीत. चाळीस मुलं, झिरमिळ्या आणि ज्योत एका खोलीत नको. घरी नेताना पणती वर्तमानपत्रात गुंडाळून रिकाम्या डब्यात घालावी, दप्तरात सुटी टाकली तर फुटते.

तिसरा एक मार्ग दोघांच्या मधला आहे. गणपतीच्या कार्यशाळेतली शाडू माती उरली असेल तर मुलांकडून पणतीच घडवून घ्यायची. लिंबाएवढा गोळा, त्यात अंगठा, मग चिमटीने कडा. लेखणी धरणाऱ्या बोटांना रंगकामापेक्षा हा व्यायाम कितीतरी चांगला. पण ती भाजलेली नसते. तेल झिरपतं, पाणी लागलं तर ती विरघळते. शोभेची म्हणूनच घरी पाठवावी आणि पालकांना तसं कळवावं. दीप अमावास्येला घरी कणकेचे दिवे करतात म्हणून वर्गातही कणीक वापरायचा मोह होतो. मुंग्या आणि उंदीर यांची सोय करायची असेल तरच.

माझं मत विचाराल तर पहिलीला पणती, दुसरीला कंदील. खरा बांबूच्या कामट्यांचा, पतंगी कागदाचा, खळीने चिकटवलेला कंदील या वयाला करता येत नाही, पण बघायला फार आवडतो. कुणाचे आजोबा करत असतील तर त्यांना तासभर बोलवावं.

रांगोळी की शुभेच्छापत्र

दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींत अभ्यास लपलेला आहे, एकीत गणित आणि दुसऱ्यात भाषा.

रांगोळीची पूड चिमटीतून सारखी सोडणं मोठ्यांनाही सरावानेच जमतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून रेघ येत नाही, ढीग पडतात. पंखा चालू राहिला तर पूड डोळ्यांत जाते. म्हणून पूड ठेवावी दुसरीसाठी, तीही फक्त भरायला. ठिपके आणि रेघा खडूने. खडू पाण्यात बुडवून ओढला की वाळल्यावर रेघ ठसठशीत पांढरी दिसते. जुन्या कार्डशीटला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद घरी करून आणला तर मुलं त्यावरून पूड पसरून स्वतः ठिपके काढतात, आणि कागद उचलताना वर्गात जो हलकल्लोळ होतो तो अनुभवण्यासारखा असतो.

गणित इथेच येतं. पाच ओळींत पाच-पाच ठिपके काढले की पंचवीस. मग एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक अशा ओळी मांडल्या तर? तेही पंचवीसच! दुसरीच्या मुलांना हे मोजून पाहायला सांगावं, त्यांना आधी ते खोटं वाटतं. अर्धी नक्षी बाईंनी काढायची आणि उरलेली आरशासारखी मुलांनी पुरी करायची, हाही चांगला खेळ आहे. रांगोळी मुलींनी आणि सजावट मुलांनी अशी वाटणी मात्र करू नये. या वयात मुलग्यांना ठिपके जोडायला तितकंच आवडतं, त्यांना कुणी बोलवत नाही एवढंच. पूड हाताळल्यावर डबा खाण्याआधी सगळ्यांचे हात धुवावेत.

रांगोळीची उणी बाजू म्हणजे घरी न्यायला काही उरत नाही. पालकांना काहीतरी हातात हवं असतं. शुभेच्छापत्र तिथे बाजी मारतं. पण ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ हे दोन शब्द पहिलीला जड आहेत. ‘च्या’, ‘च्छा’ अशी जोडाक्षरं ऑक्टोबरपर्यंत पहिलीत झालेली नसतात. मग मुलं फळ्यावरून चित्र काढावं तसं उतरवतात. पहिलीने ‘शुभ दिवाळी’ आणि स्वतःचं नाव लिहावं. दुसरीकडून तीन वाक्यं घ्यावीत: पत्र कुणाला, सुट्टीत कुठे जाणार, काय खाणार. त्यात चुका असतील तर असू द्याव्यात, आजीला पत्र वाचायचं असतं, तपासायचं नसतं. जवळच्या टपाल कचेरीत पोस्टकार्ड मिळत असेल तर ५० पैशांच्या त्या कार्डावरच लिहवून, सगळा वर्ग घेऊन पेटीपर्यंत चालत जावं. पत्ता मात्र पालकांकडून आधीच लिहून मागवावा लागतो, आणि यातच दोन दिवस जातात.

नुसतं चित्र छापलेलं कार्ड देऊन ‘रंग भरा’ म्हणायचं असेल तर ते सोडून द्यावं, वर्षभर तेच चालू असतं.

आणि किल्ला

याची तुलना बाकीच्यांशी सरळ होत नाही. किल्ला एका मुलाचा नसतो, एका तासात होत नाही, घरी नेता येत नाही. तरीही माती आणि चार दिवस मिळत असतील तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून किल्ला निवडेन.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणं ही आपल्याकडे मुलांचीच चाल आहे. पुणे, सातारा, कोल्हापूरकडे ती जास्त दिसते. पण वरच्या मजल्यावरच्या घरांत राहणाऱ्या कितीतरी मुलांनी स्वतः कधी किल्ला केलेला नसतो. त्यांना तो शाळेतच मिळू शकतो. शिवाजी महाराजांचा इतिहास चौथीला येतो, पण गोष्टी मुलांना पहिलीतच ठाऊक असतात, तेवढं पुरतं.

कोणता गड करायचा हे ठरवून घ्यावं, नुसता ढीग करू नये. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यांपैकी लहान मुलांना सर्वांत जमणारा राजगड. मधे उंच ढीग म्हणजे बालेकिल्ला, त्याला तीन दिशांना तीन हात म्हणजे पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या माच्या. चार गटांना चार भाग वाटून देता येतात, भांडणं निम्म्यावर येतात. आवारात माती नसेल तर परातीत सिंधुदुर्ग करावा. भोवती पाणी ओतायचं, मधे दगड-मातीचं बेट. एका बाकावर मावतो. लोहगडाची लांबट विंचूकाटा माची तर नाव ऐकूनच मुलांना करावीशी वाटते.

दिवस असे जातात. पहिल्या दिवशी दगड-विटांचा आधार, त्यावर गोणपाट आणि चिखल. त्याच दिवशी उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरून पाणी शिंपडायचं. हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, अळीव उगवायला दोन-चार दिवस घेतो आणि सुट्टी लागण्याआधी हिरवळ दिसली पाहिजे. अळीव भिजला की बुळबुळीत होतो, मुठीत चिकटतो, म्हणून कोरडाच भुरभुरावा. मग तटबंदी, बुरूज, दरवाजा, पायऱ्या, पाण्याचं टाकं. शेवटच्या दिवशी मावळे आणि वर सिंहासनावर महाराज. मावळे कुंभारवाड्यातून आणता येतात, पण दोन-चार तरी मुलांनी शाडूचे करावेत. ते वाकडे होतात आणि वर्गाचे लाडके ठरतात.

यात मुलाचा हात जवळपास पूर्ण. बाईंचं काम पाणी किती ओतायचं ते सांगणं आणि कुणाचं फावडं कुणाला लागणार नाही हे पाहणं. खर्च अळिवाच्या पुडीचा. पसारा मात्र प्रचंड. हात, पाय, गणवेश, व्हरांडा सगळं लाल. सफाई करणाऱ्या मावशींना आधी विचारलं नाही तर त्यांचं बोलणं खाऊन घ्यावं लागतं, आणि ते योग्यच असतं.

पावसाचाही विचार हवा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळी लवकर आली की परतीचा पाऊस एका रात्रीत बुरूज धुऊन नेतो. अशा वर्षी किल्ला पत्र्याखाली किंवा परातीत. उशिराची दिवाळी किल्ल्याला चांगली, फक्त अळिवाला पाणी जास्त घालावं लागतं.

निवडण्याआधी वर्गाकडे एकदा बघून

वर्गात दिवाळी न करणाऱ्या घरांतली मुलं असतील तर किल्ला आणि रांगोळीतल्या नक्षीत कुणीच बाहेर राहत नाही. कंदीलही सहज सगळ्यांचा होतो. वसई किंवा गोव्यातल्या वर्गात त्याच कागदातून दोन महिन्यांनी नाताळची चांदणी करता येते. गोव्यात तर नरकासुराचा मोठा पुतळा मुलांनी रस्त्यावर पाहिलेलाच असतो, तिथे कागदी मुखवटा ही सहावी निवड, आणि पहिलीला तोंड वेडंवाकडं झालं तरी चालणारी बहुधा एकमेव.

बीडकडच्या ज्या शाळांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं आहेत, तिथे ती दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर निघून जातात. त्यांच्या हातात काहीतरी असावं. पणती सामानात फुटेल, रांगोळी मागे राहील. शिवण न चिकटवलेला, घडी केलेला कंदील वहीत मावतो आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, उघडून टांगता येतो. तिथे पहिलीचा वर्ग असला तरी मी कंदीलच निवडेन, कापायला स्वतः मदत करून.

परदेशातल्या मराठी शाळांचा प्रश्न वेगळा. आठवड्यातून एकदा, भाड्याच्या किंवा उसन्या खोलीत भरणारे वर्ग, तिथे माती नको, पूड नको. कंदील किंवा मराठीतलं शुभेच्छापत्र. पत्र तर तिथे इथल्यापेक्षा जास्त कामाचं, कारण ते वाचणारी आजी खरोखर दूर असते.

हाताशी एकच तास असेल तर खडूची रांगोळी, दुसरं काही सुरू करू नये. दोन दिवस असतील तर पहिलीला पणती आणि दुसरीला कंदील. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसणारी दोनशिक्षकी शाळा असेल तर सरळ किल्ला. चौथीची मुलं दगड रचतात, तिसरीची तटबंदी घालतात आणि पहिली-दुसरीची चिखल कालवतात. ते काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलेलं त्यांना अजिबात चालत नाही.