राजांगणाच्या घरातले आमचे कार्यालय आणि बुडालेली अनामत

आमचे हिशेबनिसाचे छोटे कार्यालय आहे, एकूण चार माणसांचे. गोव्यातल्या फोंडा बाजारातली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही फर्मागुढीच्या पलीकडचे एक जुने, नुकतेच दुरुस्त केलेले घर भाड्याने घेतले. मधोमध राजांगण म्हणजे उघडा चौक, चारी बाजूंनी ओसरी, भिंतींना पांढराशुभ्र रंग आणि छताला नवे फॉल्स सिलिंग असे ते घर पाहताच आम्हा सर्वांना आवडले, आणि त्या आवडीपायी जे विचारायचे ते विचारायचे राहून गेले.

घर दाखवणाऱ्या गृहस्थांना मी मालकीबद्दल विचारले होते. ते म्हणाले, "घर म्हज्याच ताब्यांत आसा." 'म्हजें', म्हणजे माझे, असे ते एकदाही म्हणाले नाहीत, हे मला फार उशिरा उमगले. त्यांनी स्वतःच्या नावाची घरपट्टीची पावती दाखवली आणि मी ती मालकीचा पुरावा मानली. वास्तविक घरपट्टी कोण भरतो एवढेच त्या पावतीवरून कळते. आम्हाला तीन वर्षांचा करार हवा होता, पण ते अकरा महिन्यांवर अडून बसले. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि तिथे कागदपत्रे पुढे करावी लागतात, ती वेळ त्यांना येऊ द्यायची नव्हती, असे आता वाटते. आम्ही नोटरीसमोर सह्या केल्या. भाडे महिना ३०,००० रुपये आणि अनामत १,८०,००० रुपये ठरली. अनामतीपैकी ६०,००० चा धनादेश दिला आणि उरलेले १,२०,००० त्यांच्या आग्रहाने रोख दिले. रोख रकमेची पावती घेतली नाही, ही माझी सर्वांत मोठी चूक.

१० मे रोजी, अक्षय्य तृतीयेला, आम्ही पूजा करून टेबले लावली. वीजजोडणी घरगुती होती. ती व्यावसायिक करून घेण्यासाठी सहमालकांचे ना-हरकत पत्र मागितले गेले, तेव्हा कुठे मी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद, काढला. कब्जेदारांच्या रकान्यात सात नावे होती. मूळ मालक वारले होते आणि वारसांमध्ये वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वाटण्याचे न्यायालयातले काम, चालू होती. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे वारसांइतकाच त्यांच्या जोडीदारांचाही प्रश्न येतो. आमच्या करारावर एकच सही होती, त्या गृहस्थांच्या पत्नीचीसुद्धा नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीचेही खरे रूप दिसले. नेटवर्कची तार नेण्यासाठी सुताराने भिंतीला भोक पाडले, तर ड्रिलच्या टोकाला भुकटीऐवजी चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, ओला, तांबडा चिखल चिकटून आला. चिरा सच्छिद्र असतो. तो पावसात ओल धरतो, आणि वरचा गिलावा चुन्याचा असेल तर ती ओल पुढे सुकूनही जाते. इथे चुना खरवडून सिमेंट थापले होते आणि त्यावर प्लास्टिक रंग दिला होता, म्हणून ओल आतच कोंडली होती. चार दिवसांनी फॉल्स सिलिंगचा एक तुकडा हिशेबाच्या कपाटावर कोसळला. वर पाहिले तर मंगळुरी कौलांखालचे वासे वाळवीने पोखरलेले होते, त्यातला एक हाताने दाबताच कुस्करला. वासे बदलायचा खर्च वाचवून ते झाकण्यासाठीच ते छत केले होते, याबद्दल मला शंका नाही.

जुलैत इतर वारसांच्या वकिलाची नोटीस आली आणि आम्ही जागा सोडली. वायरिंगवर घातलेले ८५,००० रुपये तिथेच राहिले. अनामत मागितली तेव्हा त्या गृहस्थांनी धनादेशाचे ६०,००० तेवढे मान्य केले, तेही अजून दिलेले नाहीत. पोलिसांनी प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगितले, म्हणून आता वकिलामार्फत दावा लावत आहोत.

त्या घरावर आता पुन्हा 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली आहे आणि छत नव्याने रंगवलेले दिसते. अशा घराच्या चौकशीला जाणाऱ्याने अनामत देण्याआधी एक-चौदाचा उतारा स्वतः काढावा, त्यावरच्या प्रत्येक नावाची संमती लेखी मागावी, आणि फॉल्स सिलिंगचा एक तरी तुकडा उतरवून वरचे वासे पाहू द्या, असे स्पष्ट सांगावे.