उताराच्या जागेचा काँटूर सर्व्हे : ड्रोन की टोटल स्टेशन?

कोकणात घरासाठी उताराची जागा घेतली, सरकारी मोजणी झाली, की आर्किटेक्टचा पहिला निरोप येतो : काँटूर प्लॅन, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, पाठवा. मोजणीच्या नकाशात हद्दी मिळतात, उंचसखलपणा मिळत नाही, म्हणून हा सर्व्हे बाहेरून करून घ्यावा लागतो. मग विचारपूस सुरू होते. एक जण म्हणतो ड्रोन लावा, सकाळी उडवला की दुपारी मोकळे. दुसरा म्हणतो टोटल स्टेशनशिवाय (तिपाईवरून अंतर, कोन आणि उंची मोजणारं यंत्र) हात घालू नका.

आमची जागा चिपळूणच्या बाजूला आहे. वर कातळ, मध्ये करवंदीच्या जाळ्या, खाली काजू, आणि एका अंगाने पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. शेजारच्या दोघांनी त्यांच्या गटांचा ड्रोन सर्व्हे करून घेतला, त्यात आमचाही गट घातला. नंतर मी टोटल स्टेशन लावलं. एकाच जमिनीचे दोन्ही नकाशे हाताशी आहेत, त्यावरून सांगतो.

ड्रोनचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. त्याचा फोटो-नकाशा उघडला की प्रत्येक झाड, गडगा, पायवाट, विजेचा खांब जागच्या जागी दिसतो. पुण्यात बसलेल्या आर्किटेक्टला जागा समजावून सांगायला याहून चांगलं काही नाही. जागा मोठी आणि उघडी असेल, म्हणजे सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) पाच-दहा एकर, तर मीही ड्रोनच सांगेन. कातळावर झाडोरा नसतो, त्यामुळे वरून जे दिसतं तीच जमीन असते. शिवाय रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. जेसीबी चढवण्याआधी वरून एकदा नीट पाहून घेतलेलं फार बरं, एखादं चित्र निघालं तर ते वाचेल. परवानगीचा बाऊही आता उरलेला नाही. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. फक्त आपली जागा विमानतळाच्या किंवा संरक्षण खात्याच्या हद्दीलगत नाही ना, हे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहून घ्यायचं.

आमचं अडलं ते पऱ्यापाशी.

पऱ्या झाडांखालून जातो. उन्हाळ्यात कोरडा, पण पात्र माणूस कमरेपर्यंत बुडेल एवढं खोल. ड्रोनच्या नकाशात तो नव्हताच. काँटूरच्या रेषा त्याच्यावरून सरळ, गुळगुळीत निघून गेल्या होत्या. खरं तर पऱ्या असला की रेषा तिथे चढाकडे टोक काढून वळायला हव्यात. कारण उघड आहे. ड्रोन कॅमेऱ्याने फोटो काढतो, आणि जो ठिपका दोन-तीन फोटोंत दिसत नाही त्याची उंची त्याला कळत नाही. काजूच्या दाट पानांखालची जमीन कुठल्याच फोटोत येत नाही. मग सॉफ्टवेअर झाड काढून टाकतं आणि उरलेल्या भोकावर आजूबाजूच्या उंचीवरून पृष्ठभाग ताणून बसवतं. करवंदीचं आणखी अवघड. झाड उंच असल्याने निदान ओळखू येतं, पण जाळी बुटकी आणि दाट असते, तिचा माथा जमीन म्हणून मोजला जातो. आमच्या नकाशात जाळ्यांचा पट्टा सरळसरळ वर उचललेला होता.

आता यात एवढं काय, असं वाटेल. हिशेब करून बघा. १० गुंठ्यांवर सरासरी अर्धा मीटर उंची चुकली, तर सुमारे ५०० घनमीटरचा फरक पडतो. ब्रासमध्ये १७५च्या वर. एवढी माती कुणाच्या तरी खर्चाने येणार किंवा जाणार. आणि मातीपेक्षा पाण्याची काळजी मोठी. त्या नकाशावर विसंबून सेप्टिक टँकची जागा ठरली असती, तर ती पऱ्याच्या काठावर आली असती. वरच्या डोंगराचं पाणी कुठल्या वाटेने उतरतं हे माहीत नसताना तिथे जांभ्याची रिटेनिंग वॉल बांधणं धोक्याचं आहे. भिंतीमागे पाणी साठलं की जाड भिंतसुद्धा पुढे ढकलली जाऊ शकते. जुलै २०२१मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, तेव्हापासून तरी आपल्या भागात उतारावर बांधणाऱ्या प्रत्येकाने पाण्याची वाट आधी शोधावी असं मला मनापासून वाटतं. काँटूर नकाशा दरडीचं भाकीत करत नाही, पण पाणी कुठे गोळा होतं ते दाखवतो. तेच त्यात नसेल तर तो कशासाठी काढायचा?

नियमाचाही प्रश्न आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मज्जाव आहे. नकाशावर तपासायला सोपं आहे. एक-एक मीटरच्या रेषा असतील तर दोन रेषांमधलं अंतर पाच मीटरांपेक्षा कमी दिसलं की सावध व्हायचं. आमच्याकडे जाळ्या मधल्या उताराच्या खालच्या टोकाला दाट आहेत. ड्रोनने तो भाग वर उचलल्यामुळे उतार कागदावर सौम्य झाला होता. टोटल स्टेशनच्या नकाशात तोच पट्टा १:५च्या अगदी जवळ आला, आणि आम्ही घर वर, कातळाच्या बाजूला सरकवलं.

टोटल स्टेशनचे त्रास आहेतच. वेळ जास्त लागतो. रान आधी साफ करावं लागतं, कारण यंत्राला मदतनीसाच्या काठीवरचा प्रिझम दिसल्याशिवाय मोजमाप होत नाही. झाडांमध्ये स्टेशन पुन्हा पुन्हा हलवावं लागतं, आणि प्रत्येक हलवण्यात थोडी चूक शिरायला वाव असतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पॉइंट कुठे घ्यायचे हे माणूस ठरवतो. कंटाळलेला माणूस कडेकडेने पॉइंट घेऊन मधला भाग सॉफ्टवेअरवर सोडतो, मग नकाशा ड्रोनच्याच जातीचा होतो. आमच्याकडे आलेल्या सर्व्हेअरचा मदतनीस गावातलाच होता. कोयता घेऊन पुढे वाट काढत तो पऱ्यात उतरला आणि दोन्ही काठ आणि तळ असे पॉइंट धरत गेला. ही गोष्ट मला कुठल्याही यंत्राच्या अचूकतेपेक्षा मोलाची वाटते.

रोव्हरबद्दल, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. मोकळ्या आभाळाखाली उत्तम आणि झटपट, झाडाखाली मात्र अचूक जागा (फिक्स) धरत नाही. रोव्हरची कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, कोकण किनाऱ्यावर दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो. एकाच नकाशात सगळं असेल तर बिघडत नाही, पण दोन सर्व्हे जोडताना विचारून घ्या. लिडार, म्हणजे लेझरने मोजणारं यंत्र, लावलेला ड्रोन पानांमधून जमिनीपर्यंत पोचतो, पण एका घराच्या जागेला तो खर्च मला तरी परवडणारा वाटला नाही.

तुमची जागा वेगळी असू शकते, सड्यावरची असेल तर वर सांगितलंच. पण झाडीतली एखाद-दोन एकर उताराची जमीन असेल, तर मी टोटल स्टेशनच्या बाजूने आहे, आणि उरलेल्या पैशांत हौस म्हणून ड्रोनचा फोटो काढून घ्या. सर्व्हेअरला आधीच सांगा : अर्ध्या मीटरच्या रेषा हव्यात, मोजणीच्या हद्दीचे दगड त्याच नकाशात हवेत, पऱ्या असेल तर त्याच्या तळाचे पॉइंट हवेत, आणि पीडीएफसोबत पॉइंटची मूळ यादीही हवी. टीबीएम, म्हणजे उंची मोजायची संदर्भाची खूण, झाडावर किंवा सुट्या दगडावर नको, विहिरीच्या कठड्यावर घ्यायला लावा, कारण पुढे प्लिंथची (जोत्याची) लेव्हल तिथूनच काढायची आहे. दिवाळीनंतर गवत कापून झालं की लगेच बोलवा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच पावसाआधी सर्व्हे हवा असतो, तेव्हा चांगला माणूस मिळत नाही.