कॅमेरा चांगला आहे, पण लेकराच्या सोबतीला म्हणून घेऊ नका

घरात लावायचा वायफाय कॅमेरा, चहूकडे फिरणारा, चोवीसशे रुपयांचा. मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. दादाने जूनमध्ये पिंपरीच्या फ्लॅटमध्ये बसवला आणि अ‍ॅपचा पासवर्ड मलाही दिला. मी नाशिकला असते. तीन महिने रोज दुपारी जेवणाचं ताट पुढे आणि मोबाइल भिंतीला टेकवून मी तो बघत होते.

चित्र उत्तम आहे. हॉलच्या कोपऱ्यातून थेट बाल्कनीच्या दारापर्यंत सगळं दिसतं, अंधारातही. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, हे आधी कळलं असतं तर दादाचा अर्धा तास वाचला असता. हालचाल झाली की सूचना येते. पंख्याने पडदा हलला तरी येते. दुकानावर किंवा पार्किंगवर लक्ष ठेवायला हवा असेल तर खुशाल घ्या.

आमच्याकडे तो भाचीसाठी आला. ती पाच वर्षांची, सिनियर केजीत. आमची आई तिला सांभाळायची, पण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली आणि अजून जिना चढू शकत नाही. शाळेची व्हॅन साडेबाराला सोडते, कामाच्या मावशी तीनला येतात. शेजारच्या काकू दार उघडून देतात, पण त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यांना थांबता येत नाही. मधले अडीच तास पोर एकटी. "कॅमेरा आहे ना, काळजी कसली," दादा म्हणाला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचा जीव ऑफिसात बसून किती टांगणीला लागत असेल, हे मला ठाऊक आहे. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही.

ऑगस्टमध्ये एकदा सूचना आली. उघडून बघते तर भाची प्लास्टिकचं स्टूल ओढत बाल्कनीकडे निघालेली. घर चौथ्या मजल्यावर. या कॅमेऱ्यातून बोलताही येतं, खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी बटण दाबून ओरडले, "खाली उतर!" आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो. तोवर ती स्टुलावर चढली होती आणि माझ्या आवाजाने इतकी दचकली की तिचा तोल गेला. नशीब, आतल्या बाजूला पडली. कोपर सोललं. ती रडताना मला दिसत होती आणि मी दोनशे किलोमीटरवर हातात घास धरून बसले होते.

दुसरा प्रसंग गुरुवारचा. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पिंपरीकडच्या लोकांना माहीत आहे. एक वाजून दहा मिनिटांनी चित्र गेलं. या कॅमेऱ्याला बॅटरी नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला तरी कॅमेऱ्याचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगवरच असतो. काकूंना फोन केला. त्यांनी किल्ली लावली, पण दार उघडेना. कुरिअरवाल्याने बेल वाजवली म्हणून घाबरून पोरीने आतून कडी घातली होती, आणि "कुणालाही दार उघडायचं नाही" हे आम्हीच तिला घोकून घेतलं होतं. काकूंचा आवाज ओळखूनही ती कडी काढेना. पाऊण तास गेला. अखेर वहिनी ऑफिसातून रिक्षाने आल्या, तेव्हा कडी निघाली.

त्या रात्री १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करावा असं माझ्या मनात आलं. सख्ख्या भावाच्या घरासाठी. केला नाही. दादालाच केला. तो म्हणाला, "अगं, आपण नाही का राहिलो एकटे?" मी म्हटलं, "दादा, आपण वाड्यात राहिलो. समोर सहा बिऱ्हाडं, सगळ्यांची दारं उघडी. एकटं राहणं आपल्याला कधी माहीतच नव्हतं." तो गप्प झाला. मग म्हणाला, "बघतो." आणि खरंच बघितलं.

सप्टेंबरपासून भाची बी विंगमधल्या एका आजींच्या पाळणाघरात जाते. महिना साडेतीन हजार, जेवण घरून. आणि नोकरी करणाऱ्या आयांनी हे नक्की विचारावं: २०१७च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने आणलेल्या नियमानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायला हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. वहिनींच्या ऑफिसात दोनशेवर माणसं आहेत. त्यांनी एचआरला लेखी पत्र दिलंय, उत्तराची वाट बघतोय.

कॅमेऱ्याला पाचपैकी तीन तारे, तेही चित्राचे. तो अजून हॉलमध्येच आहे, पण त्याचा प्लग मी राखीला गेले तेव्हाच काढायला हवा होता, तो परवा काढला. भाची त्याच्यासमोर उभी राहून विचारत होती, "आत्या, तू आत आहेस का?"