डँपर पुली बदलून काही महिने झाले, आता लिहितो

बेल्टचं किंचाळणं थांबेना म्हणून गॅरेजने आधी बेल्ट बदलला, मग टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग. नव्या बेल्टचेही कडेने धागे सुटायला लागले तेव्हा मी हटूनच बसलो: क्रँक पुली (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, त्याच्या पुढच्या टोकावरची बेल्ट फिरवणारी हीच डँपर पुली) बघितल्याशिवाय आता एकही पार्ट बदलायचा नाही. इंजिन चालू ठेवून पाहिलं तर पुलीची बाहेरची कडा सरळसरळ डुगडुगत होती. काढल्यावर दिसलं, मधलं रबर एका बाजूने फुगून बाहेर आलेलं, दुसरीकडे चिरा, आणि बाहेरची रिंग हबवरून, म्हणजे पुलीच्या मधल्या भागावरून, मागे सरकलेली. सगळ्यावर तेलाचा थर, कारण पुढचं ऑइल सील गळत होतं. तेलाने रबर सुटतं हे रोज इंजिन उघडणाऱ्याला माहीत असतं. तरी सील न बघता दोनदा बिल लावलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

नवी पुली बसवली, सीलही नवं घातलं. बेल्ट गप्प झाला, पण आयडलिंगला स्टिअरिंगची थरथर होती तशीच. सुरुवातीचे काही आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं.

आता तसं वाटत नाही. ती थरथर अख्ख्या इंजिनाच्या हलण्याची, आणि ती सोसायची माउंटिंगने, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांनी. डँपरचं काम क्रँकशाफ्टच्या पिळाशी. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर १८० अंशांना एक सिलिंडर पेटतो. त्या दणक्याने शाफ्ट किंचित पिळतो आणि उलटा सुटतो. ठरावीक आरपीएमला दणक्यांची लय शाफ्टच्या स्वतःच्या लयीशी जुळली की पीळ वाढतच जातो. मागचं टोक फ्लायव्हील या जड चाकाच्या वजनाने बांधलेलं, म्हणून जास्त झोल पुढच्या मोकळ्या टोकाला, आणि डँपरही तिथेच. हब शाफ्टबरोबर मागेपुढे होतो, जड रिंग मात्र आपल्या एकसारख्या वेगाने फिरत राहते. दोघांच्या ओढाताणीत रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. मोठ्या डिझेल इंजिनांत बऱ्याचदा रबराऐवजी बंद डब्यात दाट सिलिकॉन तेल असतं, त्यात रिंग फिरते. यातलं काहीच स्टिअरिंगवर कळत नाही. डँपर निकामी असताना तसंच दामटलं तर टायमिंगची (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारी) चेन आणि गिअर झिजतात, आणि टोकाला जाऊन क्रँकशाफ्टच तुटू शकतो. हौसेने डँपर काढून हलकी सॉलिड ॲल्युमिनियम पुली लावणाऱ्यांनी याचा खरंच विचार करावा.

माझी खरी तक्रार एका रेघेची आहे. बसवण्याआधी मी हबपासून रबरावरून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. रिंग हबवर घसरली तर रेघ तुटलेली दिसणार, एवढं सोपं. हे कंपनीने कारखान्यातच करून द्यायला काय हरकत आहे? ज्या इंजिनांत टायमिंगची खूण बाहेरच्या रिंगवर असते, तिथे तर रिंग घसरली की खूणच खोटी पडते आणि मेकॅनिक चुकीच्या ठिकाणी टायमिंग लावून बसतो. दर ऑइल चेंजला, इंजिन बंद असताना, मी टॉर्च मारून रेघ बघतो. अजून अखंड आहे, रबर दोन्हीकडे सारखं बसलंय, सीलही कोरडं.

पुली घेताना सोबत मधला बोल्टही घ्या. बऱ्याच गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो, आणि काही इंजिनांत टायमिंगचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) चावीशिवाय, म्हणजे शाफ्टच्या खाचेत अडकवायच्या तुकड्याशिवाय, निव्वळ त्या बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. तिथे बोल्ट सोडण्याआधी टायमिंग लॉक केलं की नाही, ते शेजारी उभं राहून बघा.