हॅमंड उचलवत नाही म्हणून तीन कीबोर्ड वाजवून आलो

शनिवारी धोबीतलावला एका दुकानात दोन तास उभं राहून नॉर्ड इलेक्ट्रो ६डी आणि यामाहा वायसी६१ वाजवले, आणि सोबत मित्राचा जुना रोलंड व्हीआर-०९ डोंबिवलीहून लोकलने खांद्यावर मारून नेला होता (साडेपाच किलो, म्हणून जमलं). तिघेही हॅमंड ऑर्गनच्या आवाजाची नक्कल करतात, मी फक्त तोच ऐकला, पियानो-बियानोला हात लावला नाही. घरी ऑर्गन म्हटलं की बाबांना अजून संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा तोच आठवतो, मी बोलतोय ते हॅमंड बी-३ बद्दल, ज्यात ९१ चाकं मोटरवर गरगरतात आणि त्यातून सूर निघतो. तो घरात ठेवायचा म्हणजे आधी लिफ्टवाल्याला विचारायला लागेल.

आता आवाज. ड्रॉबार, म्हणजे आवाजात कुठला सूर किती मिसळायचा ते ठरवणाऱ्या ओढायच्या दांड्या, म्हणजे आपल्या पेटीतल्या खर्ज-नर-मादीचाच मोठा भाऊ समजा, फक्त इथे नऊ आहेत आणि प्रत्येक ० ते ८ पर्यंत ओढता येतो. मी तिन्हीवर पहिले तीन पूर्ण ओढले, म्हणजे खर्ज, पंचम आणि मूळ सूर, बाकी बंद. खरं सांगतो, नुसता सूर धरून ठेवला तर डोळे मिटून कुठला कोणाचा ते मला तरी ओळखता आलं नाही. की दाबताना जो टिक्क आवाज येतो, जो ऑर्गन बनवणाऱ्या हॅमंड साहेबांना दोष वाटायचा आणि लोकांना तोच आवडला, तो नॉर्डचा मला सगळ्यात जिवंत वाटला. परकशन, म्हणजे सूर सुरू होताना पडणारा ठोका, तेही बघितलं, सगळी बोटं उचलल्याशिवाय दुसऱ्यांदा ठोका पडत नाही, नॉर्ड आणि यामाहा दोघांनी ते बरोबर केलंय.

खरी गंमत फिरत्या स्पीकरची, लेस्लीची. खऱ्या लेस्लीत वरचा भोंगा हलका, तो पटकन पळतो, आणि खालचा ड्रम जड असल्यामुळे मागून रेंगाळत येतो, स्लोवरून फास्ट करताना ती जी ओढाताण होते ना, त्यासाठीच तर हे सगळं. यामाहात ती मला सगळ्यात छान ऐकू आली, नॉर्डमध्ये पण आहे पण जरा चकचकीत, इस्त्री केल्यासारखी. व्हीआर-०९ मध्ये माझ्या कानाला दोन्ही एकदमच पळाले. शिवाय त्याच्या कीजना पुढे कड आहे, तळहात घासत खाली आलो की लागतं, बाकी दोघांच्या कीज पुढून गोल आहेत.

पण एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हेडफोनवर स्टिरिओत सगळेच भारी, आणि आपल्याकडे हॉलमध्ये साउंडवाला देणार एकच लाईन. म्हणून मी मुद्दाम मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, लावायला सांगितलं, सेल्समनने तोंड वाकडं केलं पण लावलं, आणि तिथे अर्धा भोवरा गायब! त्यातही यामाहा टिकला, ड्राइव्ह (आवाज थोडा फाटवणारा इफेक्ट) थोडा चढवला की छान खरखरतो. नॉर्ड मोनोत मला बारीक वाटला, आणि तिघांत महाग तोच.

घेणार वायसी६१. ७.१ किलो आहे, लोकलच्या रॅकवर मावेल अशी बॅग कोणाकडे असेल तर सांगा.