फक्त ट्रेमध्ये राहणारं ॲप: सात महिन्यांनंतर

बाबांना लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून ठेवायची सवय. म्हणून घड्याळाशेजारी बॅटरीचा आकडा दाखवणारं आणि ८० झाले की "चार्जर काढा" सांगणारं एक छोटं ॲप लिहिलं. खिडकी नाही, टास्कबारवर बटण नाही, नुसता ट्रेमधला, म्हणजे टास्कबारवर घड्याळाशेजारच्या छोट्या चित्रांतला, आयकॉन. सात महिने झाले, साताऱ्याला त्यांच्या आणि पुण्यात माझ्या लॅपटॉपवर चालू आहे.

आधी इलेक्ट्रॉनमध्ये (वेब तंत्रानं डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) केलं होतं. दोन अंक दाखवायला आख्खं क्रोमियम ब्राउझर पोसायचं! त्यात ट्रेचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत ठेवलेलं, त्यामुळे थोड्या वेळानं गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा) आयकॉनच झाडून न्यायचा. मग सी शार्प ही भाषा आणि विनफॉर्म्स हे विंडोज ॲप बनवायचं साधन, यांवर आले. ते ज्यावर चालतं त्या डॉटनेट फ्रेमवर्कचं ४.८ मुद्दाम घेतलं. विंडोज ११ मध्ये ते आधीच असतं, बाबांना वेगळं काही इन्स्टॉल करायला लावायचं नव्हतं. फॉर्म (म्हणजे खिडकी) बनवायचाच नाही, खिडकीविना ॲप चालू ठेवणारा ॲप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट चालवायचा, त्यात नोटिफाय-आयकॉन, म्हणजे तो ट्रेमधला आयकॉन. टास्कबार दाखवणारा विंडोजचा एक्सप्लोरर पडून परत उठला तरी आयकॉन आपोआप येतो, ते विनफॉर्म्सच बघतं.

छळलं ते आकड्यानं. १०० टक्के स्केलिंगला आयकॉन १६ बाय १६ पिक्सेलचा. हौसेनं देवनागरी अंक काढले, तर १ कुठला आणि ९ कुठला ते मलाच कळेना. मुकाट्यानं इंग्रजी अंक घेतले. शंभर तर मावतच नाही, तिथे नुसता भरलेला हिरवा चौकोन.

मग एके दिवशी बाबांचा फोन. "अगं, सकाळपासून बासष्टच दाखवतंय." माझ्याकडे मात्र सगळं ठीक. दर मिनिटाला आकड्याचं चित्र (बिटमॅप) काढून गेट-एच-आयकॉन या फंक्शननं त्याचा आयकॉन करत होते. जुन्या आयकॉनला डिस्पोज केलं की त्याची जागा मोकळी झाली, अशी समजूत. पण असा आयकॉन डिस्पोजनं सुटत नाही, डिस्ट्रॉय-आयकॉन आपणच कॉल करावं लागतं. विंडोज एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) साधारण १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट, म्हणजे चित्रं काढायला लागणाऱ्या वस्तू, देतं; ते संपले आणि नवा आकडा काढताच येईना. मी रोज रात्री मशीन बंद करते, बाबा नुसतं झाकण मिटतात, म्हणून त्यांच्याकडेच फुटलं. आणि एरर दिसली का नाही? कारण ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) मीच ती गिळली होती. आता लॉग फाइल आहे, आणि टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा कॉलम कायम उघडा.

टूलटिपची (आयकॉनवर माउस नेला की दिसणाऱ्या मजकुराची) गंमत वेगळीच. ४.८ मध्ये ६३ च्या वर अक्षरं गेली की सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर. मराठीत काना-मात्रा सुटे मोजले जातात: "बॅटरी" दिसायला तीन अक्षरं, हिशोबात पाच. माझं लांबलचक वाक्य तिथेच आपटलं.

विंडोज ११ नवा आयकॉन बाणामागे लपवतं आणि तो बाहेर आणायचा अधिकार ॲपला नाही. सेटिंग्जमध्ये टास्कबारखाली जाऊन वापरणाऱ्यानंच बटण चालू करायचं. हे फोनवरून समजावण्यात अर्धा तास गेला. प्रोसेस मारली की मागे भुतासारखा आयकॉन उरतो, माउस नेला की जातो. त्याला बाबा आता सरावलेत.

अजून न सुटलेलं एकच: बलून टिप, म्हणजे "चार्जर काढा" सांगणारी ती सूचना. किती वेळ दाखवायची तो आकडा विंडोज व्हिस्टापासून दुर्लक्षितच आहे, आणि डू नॉट डिस्टर्ब चालू असेल तर ती दिसतच नाही. बाबांनी ते चालू ठेवलंय. "सारखं टुंग टुंग नको गं," म्हणाले.